घरट्याची हमी

रविवार, दोन फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, सकाळी साडेदहा. विषय: इमारतीची बाहेरून दुरुस्ती आणि रंग. रक्कम अकरा लाख चाळीस हजार, कर वेगळा. ठिकाण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं पार्किंग. हजर सभासद अठ्ठेचाळीसपैकी सव्वीस, त्यातले चार चहा येईपर्यंतच. चेअरमन होते, खजिनदार म्हणून मी होतो, आणि शहाडहून स्कूटरवर आलेला कंत्राटदार होता. त्याला खुर्ची मिळाली नाही, म्हणून तो शेवटपर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलला टेकून उभा होता.

करारात मी स्वतः एक कलम घातलं होतं. कंत्राटदाराने उशीर केला तर त्याने सोसायटीला रोज बाराशे रुपये द्यायचे. हे वाचल्यावर त्याने विचारलं, "आणि साहेब, उशीर तुमच्याकडून झाला तर?"

"आमच्याकडून कसा होईल?"

"होतो साहेब. कुणी खिडकी उघडत नाही, कुणाकडे बारसं असतं, कुणी म्हणतं आमच्या कुंड्यांना हात लावू नका. माझी माणसं बसून राहतात ना."

मुद्दा रास्त होता. मी तिथेच दुसरं कलम लिहिलं: सोसायटीच्या कारणाने काम अडलं तर सोसायटीने कंत्राटदाराला रोज बाराशे रुपये द्यावेत. चेअरमन म्हणाले, "हे कशाला घालताय?" मी म्हणालो, "नियम दोन्ही बाजूंना सारखा पाहिजे." ठराव मंजूर झाला. मला ती दोन कलमं इतकी आवडली की घरी जाऊन मी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान आहेत. आता गॅसचा नंबर लावा."

मी छप्पन्न वर्षांचा आहे. बत्तीस वर्षं एका सरकारी कंपनीच्या हिशेब खात्यात काढली आणि त्या सभेच्या वर्षभर आधी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिल्या महिन्यात मी घरातल्या डाळींचा साठा मोजला. दुसऱ्या महिन्यात फ्रिज दिवसातून किती वेळा उघडतो ते लिहून काढलं. बेचाळीस वेळा. तिसऱ्या महिन्यात बायकोने स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीशी एक स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाली, "इथे बसा आणि बाहेर बघा. आत बघायचं नाही."

बाहेर पक्षी होते. त्यामुळे मी पक्षी बघायला लागलो. लोक विचारतात, हा छंद तुम्हाला कधीपासून. खरं उत्तर असं आहे की मला तो लावून देण्यात आला.

दोनशे पानांची फुलस्केप वही आणली. रकाने पाच: तारीख, वेळ, पक्षी, संख्या, शेरा. पहिल्या दिवशी एकसष्ट कावळे झाले. संध्याकाळी ते मी अभिमानाने सांगितले तेव्हा बायको कणीक मळता मळता म्हणाली, "एकसष्ट? अहो, तो एकच आहे. पोळीसाठी येतो, नेतो, परत येतो." मी नियम केला की एका वेळी जितके दिसतील तितकेच धरायचे. दुसऱ्या दिवशी कावळे चारवर आले. एका रात्रीत एवढी घट मी नोकरीतही कधी पाहिली नव्हती.

फुलपाखरांचा हिशेब त्याहून अवघड. बायकोच्या कढीपत्त्याच्या कुंडीत हिरव्या अळ्या झाल्या होत्या. त्या ती चिमट्याने उचलून टाकणार होती, मी टाकू दिल्या नाहीत. नऊ दिवसांत त्यांनी एकशे त्रेचाळीस पानं खाल्ली आणि शेवटी दोन काळी फुलपाखरं निघाली. म्हणजे एका फुलपाखराला साडेएकाहत्तर पानं. मला हा दर परवडण्यासारखा वाटला. तिला वाटला नाही. "आणि आमटीला फोडणी कसली द्यायची? वहीची?" पुढे एकदा एक पिवळं-लाल ठिपक्यांचं फुलपाखरू आलं, त्याचं नाव हळदीकुंकू असं मी पुस्तकात पाहून सांगितलं, तेव्हा मात्र ती हात पुसून खिडकीशी आली आणि ते जाईपर्यंत उभी राहिली.

ठाण्याच्या काही निवृत्त मंडळींचा पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप आहे. त्यांच्याबरोबर मी एकदा कोलशेतच्या खाडीवर गेलो. चिखलात रोहित पक्षी होते. एक गृहस्थ म्हणाले, "अंदाजे तीनशे." मला अंदाजे हा शब्द सोसत नाही. मी मोजायला लागलो. एकशे अठरापर्यंत आलो आणि थवा उडाला. सगळे आनंदाने आकाशाकडे बघत होते, मी एकटाच वैतागलो होतो. त्यांनी तरीही मला ग्रुपमध्ये ठेवलं.

आता मुख्य गोष्ट. तीन मार्चला काम सुरू झालं. आधी अ विंग, मग पंचवीस मार्चपासून आमची ब विंग. कंत्राटदाराने बांबूची परांची बांधायला घेतली. पार्किंगमध्ये बांबूंचा ढीग पडला आणि दिवसभर खरवडण्याचा आवाज सुरू झाला.

नऊ मार्चला मी स्टुलावर बसलो असताना खिडकीबाहेरच्या बंद केबलला काहीतरी लटकलेलं दिसलं. वारा येईल तसं हलणारं, केरसुणीचा तुकडा अडकावा तसं. मी शेऱ्यात "कचरा" असं लिहिलं. दुपारी त्या कचऱ्यात एक इवलासा, वाकड्या चोचीचा पिवळसर पक्षी शिरला. पुस्तक काढलं. शिंजीर, मादी. कचरा खोडून "घरटे" केलं आणि बाजूला सही केली.

घरटं पिशवीसारखं, दाराला वर छज्जा. आत काय आहे ते दिसत नव्हतं. पण मला त्याची गरज वाटली नाही. गोदामात काय आहे हे बघायला गोदामात जावं लागत नाही, आवक-जावक बघितली की कळतं. मी पक्षिणीच्या फेऱ्या मोजायला लागलो. सोळा मार्चपासून ती चोचीत पांढरं, लांबट काहीतरी घेऊन आत जायला लागली. पहिल्याच दिवशी अकरा वेळा. मी लिहिलं: "पांढरी अळी, नग अकरा." अळ्या आत जातायत, म्हणजे खाणारी तोंडं आत आहेत. म्हणजे पिल्लं झाली. ग्रुपवर विचारलं की ही पांढरी अळी कोणती. चार जणांनी चार नावं सांगितली, त्यातल्या एकाने लॅटिनमध्ये. पुस्तकात लिहिलं होतं की पिल्लं साधारण सतरा दिवसांत उडतात. सोळा मार्च अधिक सतरा दिवस. दोन एप्रिल.

अडचण अशी की पंचवीस मार्चला तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीसमोरून बांबू वर जाणार होते. ती केबल कापूनच.

मी कंत्राटदाराला खिडकीशी बोलावलं. त्याने पाहिलं. "चिमणी आहे."

"शिंजीर."

"साहेब, बांबू खालून वर जातो. मध्ये आठ फूट सोडून चौथ्या मजल्यावर कसा बांधू? तुम्ही थांबवा म्हणालात तर मी थांबतो. पण मग मीटर चालू." आणि त्याने खिशातून माझ्या कराराची घडी घातलेली प्रत काढून दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. त्याने ते कलम लाल पेनाने अधोरेखित करून ठेवलं होतं.

तेवीस मार्चला कमिटीची तातडीची बैठक झाली. आमचे चेअरमन माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. पश्चिमेच्या त्याच भिंतीतून दर पावसाळ्यात त्यांच्या बेडरूममध्ये ओल येते. त्यांना ती भिंत जूनच्या आत पूर्ण हवी होती आणि त्यात चूक काही नव्हतं.

"एका पक्ष्यासाठी रोज बाराशे?" ते म्हणाले.

"नऊ दिवस. दहा हजार आठशे."

"तुम्ही बोलताय हे? गणपतीत तुम्ही हारांचे सहाशे रुपये कापलेत!"

"मागच्या होळीला तर लाकडं मोजलीत तुम्ही," एक सभासद मागून म्हणाला.

"पुरणपोळ्याही," दुसरा म्हणाला.

हे सगळं खरं होतं. सोसायटीचा पैसा पक्ष्यावर खर्च करता येणार नाही, असं चेअरमन म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, शिवाय मागच्या वर्षीचा दाखला दिला असता. म्हणून मी म्हणालो की खर्च माझा.

मग चेअरमननी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि मला लिहायला लावलं, माझ्याच अक्षरात: "ब विंग, पश्चिम बाजू, तिसरा मजला येथील बंद केबलला लटकलेले पक्ष्याचे घरटे दिनांक दोन एप्रिलपर्यंत रिकामे होईल, अशी हमी खजिनदारांनी दिली. तोपर्यंत सदर बाजूचे काम थांबवावे व त्याचा खर्च खजिनदारांनी स्वतः सोसावा. मुदतीनंतर घरटे आढळल्यास सोसायटी ते काढेल. सूचक चेअरमन, अनुमोदक सर्व."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पक्ष्याच्या वतीने सही तुम्ही केलीत?"

"माझा हिशेब पक्का आहे."

ती काहीतरी बोलणार होती, पण कुकरची शिट्टी झाली.

पुढचे दिवस मी आवक-जावक बघत राहिलो आणि ती माझ्या हिशेबाप्रमाणे वाढेना. उलट वीस तारखेपासूनच ती घसरली होती. सोळाला अकरा, अठराला चौदा, वीसला दोन. बैठकीत मी हे रंगाच्या वासामुळे असेल असं सांगून वेळ मारून नेली होती. अठ्ठावीसला पांढऱ्या अळ्या शून्य. एकोणतीसलाही शून्य. पक्षीण आत जायची आणि तासभर बाहेरच यायची नाही.

तीस मार्चला गुढीपाडवा होता. दरवर्षी आमची गुढी स्वयंपाकघराच्या खिडकीला असते. या वर्षी घरट्याला धक्का नको म्हणून ती हॉलच्या खिडकीला बांधली. पूजा झाली, कडुलिंबाची चटणी खाल्ली, आणि मग मला राहवेना. मी बायकोला म्हणालो, "पिल्लं मेली बहुतेक."

"मेली? अजून झालीत कुठे मरायला?"

"काय?"

"अहो, ती अंड्यांवर बसलीय. दहा दिवस झाले. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून हलत नाहीये."

मी वही उघडून सोळा मार्चचं पान तिच्यासमोर धरलं. "मग या अळ्या कुणासाठी नेत होती? एकूण सत्तेचाळीस अळ्या आत गेल्यात."

बायकोने चष्मा लावून रकाना वाचला. वरपासून खालपर्यंत, शेऱ्यासकट. मग ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली. तिचं हसणं लवकर थांबत नाही हे मला तीस वर्षांत माहीत झालंय, म्हणून मी थांबलो.

"माझा कापूस आहे तो," ती शेवटी म्हणाली.

तिने लक्षवाती करायचं मनात धरलंय. देवाला एक लाख वाती द्यायच्या, सगळ्या हाताने वळलेल्या. त्यासाठी पिंजलेल्या कापसाचे पेळू ती खिडकीच्या ग्रिलवर परातीत उन्हाला ठेवते. परात माझ्या उजव्या कोपरापासून दीड फुटावर होती. पक्षीण माझ्या डोळ्यांसमोर त्या परातीतून कापूस उचलत होती आणि घरट्यात मऊ अंथरत होती, आणि मी तो पोटात गेला असं लिहीत होतो. बत्तीस वर्षं हिशेब खात्यात काढून मी बांधकामाचं साहित्य खाद्याच्या खात्यात टाकलं होतं.

"तुला हे माहीत होतं?"

"मी रोज थोडा जास्तच ठेवत होते तिच्यासाठी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? ग्रुपवर विचारत होतात."

मी ग्रुपवर काहीच कळवलं नाही. लॅटिन नाव सांगणाऱ्या गृहस्थांना वाईट वाटलं असतं. मग बायकोने नवा हिशेब मांडला. कॅलेंडर भिंतीवरून काढलंसुद्धा नाही. "वीस मार्चला बसली. पंधरा दिवस धरा. रामनवमीच्या आधी पिल्लं. मग आणखी पंधरा-सोळा दिवस." ती वीस एप्रिलवर आली. हमी दोन एप्रिलची होती. म्हणजे अठरा दिवस मध्ये राहत होते आणि त्यातल्या पहिल्याच दिवशी सोसायटीला केबल कापायचा अधिकार होता. तो मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता. आत तेव्हा अंडी असतील किंवा नुकतीच फुटलेली पिल्लं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी बांबूबरोबर खाली जाणार.

मी श्रीखंडाचा डबा घेऊन वर गेलो.

"या, या," चेअरमन म्हणाले. डब्याकडे पाहून त्यांचा आवाज बदलला. "काहीतरी चुकलंय."

"माझा हिशेब चुकलाय."

ते उभे होते ते खाली बसले. मग आत वळून ओरडले, "अगं, बाहेर ये जरा! लवकर! हे काय म्हणतायत ऐक." त्यांच्या पत्नी झारा हातात घेऊन बाहेर आल्या. "हं, परत एकदा म्हणा."

मी परत म्हटलं. कापसाचं सगळं सांगितलं, आकड्यांसह, कारण अर्धवट कबुली देऊन उपयोग नसतो. सत्तेचाळीसचा आकडा आल्यावर वहिनी झारा घेऊन घाईने आत गेल्या आणि आतून हसण्याचा आवाज आला. चेअरमन हसले नाहीत. त्यांनी मला बेडरूममध्ये नेलं आणि भिंत दाखवली. ओलीच्या डागाची कड त्यांनी दर पावसाळ्यानंतर पेन्सिलने आखून ठेवली होती, बाजूला वर्ष लिहून. पाच वर्षं, एकाबाहेर एक पाच रेषा. शेवटची पलंगाच्या उशीपाशी आली होती. इतकी चांगली ठेवलेली नोंद मी आमच्या सोसायटीत दुसरी पाहिली नाही आणि तसं मी त्यांना सांगितलं.

"नोंद सोडा. या वर्षी हे डोक्यावर येणार माझ्या. किती दिवस पाहिजेत?"

"अठरा. वीस एप्रिलपर्यंत. खर्च माझाच."

"ही तारीख कुणी काढली?"

"हिने."

"वहिनींनी?" त्यांनी थोडा विचार केला. "मग ठीक आहे. तुमची असती तर दिली नसती. पण वीस म्हणजे वीस. एकवीसला सकाळी बांबू चढणार, मग आत कोणी असो."

चार एप्रिलला सकाळी बायकोने मला ओट्यापाशी बोलावलं आणि नुसतं बोट दाखवलं. पक्षीण दारात होती आणि तिच्या चोचीत काहीतरी हिरवं वळवळत होतं. "ही अळी," बायको म्हणाली, "आता लिहा." जांभळ्या पाठीचा नरही आला, त्याच्या चोचीत कोळी. दोन दिवसांनी दारातून दोन पिवळी तोंडं दिसायला लागली. मी संख्या या रकान्यात दोन लिहिलं आणि बायकोला दाखवून घेतलं.

कंत्राटदार रोज दहा वाजता खाली येऊन हाक मारायचा, "साहेब, झालं का बाळंतपण?" पिल्लं झाल्याचं कळल्यावर त्याने विचारायला सुरुवात केली, "रांगतात का?" एकदा तो वर येऊन चहा प्यायला आणि खिडकीशी बराच वेळ उभा राहिला. जाताना म्हणाला, "वहिनी, कामगारांना सांगतो, या बाजूला खरवडू नका. धूळ येते."

सोसायटीत बातमी पसरली होती. लिफ्टमध्ये लोक मला "आज किती झाले?" असं विचारायचे, म्हणजे पक्षी नाही, रुपये. पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंनी सांगितलं की एवढ्या पैशांत त्यांनी त्या पक्ष्याला वन रूम किचन घेऊन दिलं असतं. घरी बायकोने एकदाच विचारलं, "कशातून देणार?"

"दुर्बिणीसाठी ठेवलेत, त्यातून."

"दुर्बीण कशाला हवी होती? चार फुटांवर आहे घरटं. आणि तरी कापूस दिसला नाही."

चौदा एप्रिलला दुपारी कावळा आला. थेट केबलवर बसला आणि घरट्याच्या दाराकडे मान वाकडी करून बघायला लागला. मी खिडकी वाजवली, तो फक्त दोन फूट सरकला. एवढ्यात वरून एक लांब झाडू खाली आला, जाळी काढायचा, काठी जोडलेला. तो हवेत गोल फिरला आणि कावळा उडाला. मी वर पाहिलं. चेअरमन खिडकीतून अर्धे बाहेर आले होते.

"एवढे पैसे घालवून कावळ्याला जेवायला घालायचंय का?" ते ओरडले. "लक्ष कुठे असतं तुमचं?"

त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार त्यांनी पहारा घेतला. मी मागितला नव्हता. ते म्हणायचे, मी भिंतीवर लक्ष ठेवतोय.

एकोणीस एप्रिल, शनिवार. सकाळपासून आई-बाप दोघं चोचीत खाऊ घेऊन समोरच्या तारेवर बसले आणि घरट्याकडे येईनात. बायको म्हणाली, आज बोलावतायत. दुपारपर्यंत खाली पार्किंगमध्ये दहा-बारा लोक जमले होते. कंत्राटदार आला आणि बांबूंच्या ढिगावर बसला. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी पहिलं पिल्लू दारात आलं, खाली बघून घाबरलं, आणि उडालं, की पडलं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. शेऱ्यात मी "उड्डाण" असं लिहिलंय. ते सरळ बांबूंच्या ढिगावर, कंत्राटदारापासून हातभर अंतरावर जाऊन बसलं. तो हललाच नाही. श्वाससुद्धा रोखून बसला असावा, कारण पक्षीण येऊन पिल्लाला घेऊन गेल्यावर त्याने एकदम जोरात खोकून घेतलं.

दुसरं पिल्लू मात्र येईना. दारातून डोकं बाहेर काढायचं, सगळ्यांना बघायचं आणि आत जायचं. अंधार पडला. लोक घरी गेले.

"बाराशे रुपयांचा आळस आहे हा," बायको म्हणाली.

वीस तारखेला सकाळी मी स्टुलावर बसलो ते चहा न घेता. एकवीसला बांबू चढणार होते. चेअरमन बोलले ते करतात हे मला माहीत होतं, आणि मुदत मीच मान्य केली होती. सात वाजले. आठ वाजले. पिल्लू दारात बसून पंख साफ करत होतं. वरून चेअरमनचा आवाज आला, "काय करतोय तो?"

"काही नाही. बसलाय."

"सांगा त्याला, आज शेवटची तारीख आहे."

बायको आली, तिने मला स्टुलावरून उठवलं आणि म्हणाली, "तुम्ही सगळे असं टक लावून बघताय, तो कसा येईल? आत या." मी आत गेलो. वर चेअरमनलाही तिने हाक मारून आत जायला सांगितलं. खिडकी रिकामी झाली. आम्ही दोघं ओट्यामागे उभे राहिलो, आणि तिने माझ्या हातात चहा दिला. आठ वाजून चाळीस मिनिटांनी मी बशीतून वर बघितलं तेव्हा दार रिकामं होतं.

उड्डाण मी पाहिलं नाही. त्या ओळीत मी "समक्ष नाही" असं लिहिलं.

एकवीसला बांबू चढले. पंधरा मेपर्यंत पश्चिमेची भिंत पूर्ण झाली आणि चेअरमनची ओल बाहेरून बंद झाली. पंचवीस मेला, रविवारी, शेवटचा हिशेब करायला आम्ही तिघं चेअरमनच्या घरी बसलो. पंचवीस मार्च ते वीस एप्रिल, दोन्ही दिवस धरून सत्तावीस. सत्तावीस गुणिले बाराशे, बत्तीस हजार चारशे. मी चेक लिहायला घेतला.

"एवढे कशाचे?" कंत्राटदार म्हणाला.

"कलमाप्रमाणे."

"साहेब, पहिले चौदा दिवस माझी माणसं तुमच्याच विंगच्या बाकीच्या तीन बाजूंना होती. तेव्हा कोण बसलं होतं?"

"पण पश्चिमेचं काम अडलं होतं."

"माणूस बसला तर पैसे. माणूस बसलाच नाही तर कसले पैसे?"

"करार करार आहे. मी तुम्हाला कमी कसे देऊ?"

"आणि मी न झालेल्या खाड्याचे कसे घेऊ?"

आमचा आवाज वाढला. चेअरमननी दोन्ही हात वर केले. "अहो, तो कमी मागतोय आणि तुम्ही भांडताय? गणपतीच्या हारांच्या वेळी कुठे होता हा बाणा?"

मग कंत्राटदाराने पिशवीतून एक वही काढली. हजेरीची. कामगाराचं नाव, तारीख, बाजू, आलेला, बसलेला, सगळं ओळीत, एकही खाडाखोड नाही. शेवटचे तेरा दिवस माणसं बसली होती, पण त्यातले तीन दिवस त्याने त्यांना शहाडच्या दुसऱ्या कामावर पाठवलं होतं आणि तेही त्याने लिहून ठेवलं होतं. मी प्रत्येक पान तपासलं. माझ्या वहीत एका पानावर सत्तेचाळीस अळ्या होत्या. त्याच्या वहीत चूक सापडली नाही. बसलेले दिवस दहा.

मी पहिला चेक रद्द केला आणि दुसरा लिहिला: बारा हजार रुपये फक्त, माझ्या बचत खात्यातून, कंत्राटदाराला. त्याने वहीच्या कोऱ्या पानावर पावती लिहून, फाडून माझ्या हातात दिली: "ब विंग, पश्चिम बाजू, पक्ष्याच्या खाड्याचे मिळाले."